साडेतीन हात

हा कुणाच्या मित्राच्या मित्राला आलेला अनुभव नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे. यातलं निम्मं मी तिच्या तोंडून ऐकलंय आणि निम्मं माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. मलाही पटवून घ्यायचं नव्हतं.

भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते, रात्रीचे बारा लागतात. इथे तसलं काही नाही.

तारीख १८ एप्रिल २०२४. वार गुरुवार. वेळ भरदुपारी बाराची, डोक्यावर रणरणतं ऊन.

शीळफाट्यावरून खाडीच्या अंगाला आत वळलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या एका बाईची सुनावणी अजून मिटलेली नाही. गावाच्या टोकाला, जिथे पूर्वी मिठागरं होती, तिथे मीठ साठवायचं एक दगडी कोठार आहे. इंग्रजांच्या काळातलं. जाड भिंती, दगडांच्या सांध्यांत चुन्याची दर्जाबंदी, वर कौलं.

जे घडलं ते त्या कोठाराच्या मागच्या खोलीत घडलं.

माझी बहीण, डॉ. कल्पिता सरफरे, राहायला डोंबिवली पूर्वेला. वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवते. जुन्या इमारतींचा इतिहास आणि त्यांचं जतन हा तिचा विषय. देवळं, तलावांच्या पायऱ्या, जुन्या चावड्या, धर्मशाळा... असलं काही दिसलं की ताई टेप घेऊन उभी. इमारत इंच न् इंच मोजायची, तिची ड्रॉइंग काढायची, त्यावर पेपर लिहायचा. अशा एक्केचाळीस इमारती तिने मोजल्या.

त्यातल्या तेहतीस आज जागेवर नाहीत.

आमच्या घरात चेष्टा चालायची, कल्पिताताई टेप घेऊन आली की बिऱ्हाड हलवायला घ्या. ती पण हसायची. इमारत पडली की तिच्या ड्रॉइंगची किंमत वाढायची, कारण मग तेवढाच पुरावा उरायचा. इमारती खाली गेल्या आणि ताई वर चढत गेली. हे मी रागाने लिहितेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय.

सुरुवात मात्र कोठारापासून झाली, २००३ साली.

तेव्हा ताई अठ्ठावीस वर्षांची, पदव्युत्तर शिकत होती. तिने हे कोठार शोधून काढलं. बरोबरीची मुलं उन्हाला कंटाळून दोन दिवसांत पळाली. मोजणी एकट्याने होत नाही. टेपचं शून्याचं टोक कुणीतरी भिंतीला धरावं लागतं, दुसऱ्याने आकडा वाचायचा.

ते टोक धरलं सखुबाई भोईरने.

सखुबाईचा नवरा रघु मिठागराचा राखणदार होता. तो गेला, मिठागरं बंद पडली. मुलगी रतन लग्न होऊन सासरी गेली. सखुबाई कोठाराच्या मागच्या खोलीत राहत होती, चाळीस वर्षं. साठीची बाई, काटक, कपाळावर गोंदण. तिने ताईला एकवीस दिवस साथ दिली. ताई लांबून ओरडायची, "धरलं का, मावशी?"

पलीकडून आवाज यायचा, "धरलाय गो बाय!"

मग ताई आकडा लिहायची. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, तीही सखुबाईच्याच घरची. सखुबाईला आकडे वाचता येत नव्हते. ती आपल्या हाताने मोजायची, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. टेपने मोजून झालं की खांबाला कोपर लावून ती स्वतः एकदा मोजून बघायची आणि म्हणायची, "तुजी टेप खोटा नाय बोलत." आणि खूश व्हायची.

फक्त एका गोष्टीला तिने नाही म्हटलं.

"बाय, सगला माप. माजी खोली सोर."

"का हो मावशी? शेवटची एकच तर राहिलीय."

"माजी निजायची जागा हाय ती. जित्या मानसाच्या निजायच्या जागंचा माप घेव नाय. माप मेल्याचा घेतान."

ताई हसली. "मोठी आहे का तरी?"

"मना कवरी जागा पायजे? साडेतीन हात." सखुबाईने स्वतःच्या टाचेपासून डोक्यापर्यंत हात फिरवून दाखवला. "ता माप कुनाला चुकलाय? येल आली का घेतान."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं पाप इथे आहे.

एखाद्या खोलीत जाता आलं नाही तर ड्रॉइंगमध्ये त्या जागी 'आत प्रवेश नाही' असं लिहायचं असतं. तीन शब्द. ताईला हे माहीत होतं. पण तिच्या सरांनी ड्रॉइंग बघून सांगितलं होतं की बक्षिसाला पाठवायचं तर प्लॅनमध्ये भोक दिसता कामा नये.

मग ताईने बाहेरून भिंत मोजली. भिंतीची जाडी वजा केली. आतली खोली मनाने काढली. मागची बाजू काट्याकुट्यांनी भरलेली होती, तिथे खिडकी असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. दोन्ही बाजूंना मिठाच्या खोल्या होत्या, म्हणून मधल्या, सखुबाईच्या खोलीवरही तिने सुवाच्य अक्षरात एक शब्द लिहिला.

भांडार.

ड्रॉइंगला बक्षीस मिळालं. त्यावर पेपर झाला, पेपरावरून पीएचडी सुरू झाली. सखुबाईचं नाव कुठेच आलं नाही. आभाराच्या पानावर 'स्थानिक रहिवासी' असे दोन शब्द आले.

२००९ मध्ये तिथून रस्ता जाणार असं ठरलं. जो राहतो त्याला बदली घर मिळणार होतं. सखुबाईकडे विजेचं बिल नाही, कारण वीजच नव्हती. रेशनकार्डावर पत्ता भावाचा, आंबिवलीचा. मग कागद कुठला? तर ताईची ड्रॉइंग. सुनावणीला ताईला तज्ज्ञ म्हणून बोलावलं.

अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, ही मागची खोली राहती की भांडार?"

सखुबाई समोर बाकावर बसली होती. ताईला बघून तिचा चेहरा फुलला होता. ती आपणहून म्हणाली, "बायला इचारा. बायनी सगला मापलाय. बाय खोटा नाय बोलाची."

ताईची पीएचडीची तोंडी परीक्षा बरोबर बारा दिवसांवर होती. एक खोली न बघता काढली असं कबूल केलं, तर बाकीच्या ड्रॉइंगवर कोण विश्वास ठेवणार?

ताई म्हणाली, "ड्रॉइंगमध्ये आहे तेच. मोजणी अचूक आहे."

झालं.

सखुबाईला शीळफाट्याजवळच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. रतन नवऱ्याला घेऊन आईजवळ येऊन राहिली. त्याच वर्षी कार्तिकात सखुबाई गेली. आणि कडू गंमत अशी की रस्ता पुढे दुसरीकडूनच गेला. कोठार पंधरा वर्षं कुलपात पडून राहिलं.

आता येते २०२४ कडे.

त्या कोठारात मिठागरांचं संग्रहालय करायचं ठरलं. जतनाचा अहवाल कोण लिहिणार? जिने ते पहिल्यांदा मोजलं तीच. ताईची प्राध्यापकपदाची मुलाखतही सप्टेंबरात होती, आणि हे काम तिच्या अर्जातलं सगळ्यात मोठं काम होतं. एकोणपन्नास वर्षांची झाली होती ती. आता नाही तर कधीच नाही.

तर त्या गुरुवारी ताई आणि विनीत तिथे पोचले. विनीत तिचा जुना विद्यार्थी, आता स्वतःचं ऑफिस असलेला, दोन मुलांचा बाप. पुढच्या खोल्या अकरापर्यंत मोजून झाल्या. हल्ली टेप लागत नाही. लेझरचं यंत्र येतं. भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर दिसतं.

मागच्या खोलीचं कुलूप गंजलेलं होतं. विनीतने ते तोडलं.

ताई एकवीस वर्षांनी त्या खोलीत पहिल्यांदा शिरली.

आत खिडकी होती. खाडीकडे उघडणारी.

खिडकीखाली चूल. वरची भिंत धुराने काळी झालेली. कोनाड्यात हळदीकुंकवाचे डाग. दोरी बांधायची खुंटी. जमिनीवर एका बाजूला, माणूस निजेल एवढीच जागा, सारवून सारवून गुळगुळीत झालेली.

पोराला दाखवली तरी त्याने सांगितलं असतं की इथे माणूस राहत होतं.

विनीत हळूच म्हणाला, "मॅम... हे तर घर आहे."

ताई म्हणाली, "माप घे."

विनीतने यंत्र दाराशेजारच्या भिंतीला टेकवलं. लाल ठिपका समोर चुलीच्या बाजूला पडला.

"तीन पॉइंट एक झीरो," विनीत म्हणाला.

नियमाप्रमाणे पुन्हा एकदा घ्यायचं. त्याने पुन्हा बटण दाबलं.

"दोन पॉइंट... चार. गंडलं वाटतं."

पुन्हा.

"एक पॉइंट सात पाच."

आता ताईने ठिपक्याकडे बघितलं.

ठिपका भिंतीवर नव्हता.

खोलीच्या मधोमध, हवेत... कशावर तरी थांबला होता. बारीक, लाल, स्थिर. त्याच्यामागे भिंत दिसत होती, चूल दिसत होती. पण उजेड तिथवर पोचतच नव्हता.

पुन्हा बटण.

"नव्वद सेंटिमीटर." विनीतचा आवाज बदलला होता. "मॅम, बॅटरी उतरलीय. गाडीत दुसरी आहे, आणतो."

तो जवळजवळ पळतच गेला.

बाहेर मघापासून कावळे ओरडत होते... ते थांबले. खाडीचा वारा खिडकीतून येत होता... तो थांबला. ताईला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

ताई भित्री नाही. पडक्या इमारतींत तिने साप बघितलेत, एकदा तर प्रेत बघितलंय. तिने पिशवीतून आपली जुनी कापडी टेप काढली, तीच २००३ ची. टोकाची पितळी कडी समोरच्या खुंटीला अडकवली आणि टेप सोडत दारापर्यंत मागे आली. टेप मध्ये लोंबत होती.

सवय वाईट असते. तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"धरलं का?"

टेप ताठ झाली.

एक झटका बसला आणि ती दोरीसारखी ताणली गेली, जसं कुणी टोक भिंतीला घट्ट दाबून धरावं. कडी खुंटीवर नव्हतीच. खुंटीच्या वीतभर खाली, भिंतीला चिकटून होती.

आणि चुलीकडून आवाज आला. रागाचा नाही. खेळीमेळीचा, ओळखीचा.

"धरलाय गो बाय..."

ताईच्या हातून टेप सुटली.

विनीत आला तेव्हा ती अंगणात उभी होती. "तू काही ऐकलंस?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तिने लगेच सारवासारव केली, "नाही, मोबाइल वाजल्यासारखा वाटला." टेप आणायला आत कोण जाणार? विनीतच गेला. त्याने गुंडाळून दिली. पितळी कडीवर पांढरा थर जमला होता.

ताईने बोट लावून जिभेला लावलं. मीठ.

कुंपणाबाहेर एक बाई उभी होती. पन्नाशीची, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. रतन. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मॅडम आल्यात. तिने नव्याने अर्ज केला होता, जूनमध्ये सुनावणी होती. पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा वर्षं काढली होती तिने.

"म्याडम, चूल बगितलीव ना? आयनी चाळीस वरसा रांधला तिथं. यवराच लिवून द्या, का इथं मानूस रहायचा. दुसरा काय नको."

एवढंच. एक ओळ, एक सही.

ताईने गॉगल लावला. "हे बघा, रेकॉर्डवर जे आहे ते आहे. मी काही करू शकत नाही."

रतनने हात जोडले नाहीत की शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "आय तुमचा नाव काढाची मराच्या दिवसापावत."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी जेवून ताई आपल्या घरी पलंगावर आडवी झाली. भावोजी ऑफिसात होते, घरात कुणी नव्हतं. झोप लागली नव्हती. वर पंखा फिरत होता, खाली भाजीवाला ओरडत होता.

तिच्या उजव्या टाचेला काहीतरी थंड टेकलं.

आधी वाटलं, पलंगाची दांडी. मग ते थंड हळूहळू वर सरकलं... घोटा... पोटरी... आणि गुडघ्याच्या जरा खाली थांबलं. तिथे पाच बोटं टेकली. खरखरीत, मिठाने फाटलेली बोटं.

टाचेशी कोपर होतं. कोपरापासून बोटांपर्यंत.

पायथ्याकडून कुणीतरी सावकाश म्हणालं,

"येक."

ताई ओरडत उठली. खोलीत कुणी नव्हतं. पायावर काही नव्हतं.

तिने मला फोन केला आणि स्वतःच समजूत घालून घेतली. ऊन लागलं, शीर दबली, पित्त झालं. मी म्हटलं, "ताई, त्या बाईला लिहून दे गं." ती तडकली. "अक्षदा, तुला काय कळतं? मी लिहून दिलं तर २००९ ला मी खोटं बोलले असं होतं. माझी अख्खी पीएचडी उलटी होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची." तिला वाटत होतं मूठ झाकलेली आहे.

अहवालात तिने त्या खोलीबद्दल काय लिहिलं ते मी वाचलंय. 'भांडार. भिंतीवरील काजळी ही नंतरच्या काळातील अनधिकृत वापरामुळे असावी.' विनीतने चुलीचे फोटो काढले होते. ते अहवालात आले नाहीत. विनीतने त्या कामातून अंग काढून घेतलं. कारण काही दिलं नाही.

जूनमध्ये सुनावणी झाली. अधिकारी नवा होता, प्रश्न जुना. ताईने उत्तरही जुनंच दिलं. रतनचा अर्ज फेटाळला.

ताई घरी आली आणि थकून सोफ्यावर लवंडली. दुपारचे साडेतीन. टीव्ही चालू होता.

थंड बोटं या वेळी टाचेला लागली नाहीत.

ती गुडघ्याच्या खाली लागली. अगदी तिथेच, जिथे मागच्या वेळी थांबली होती. तिथे कोपर टेकलं... आणि हात मांडीवरून वर सरकत कमरेशी आला.

"दोन."

आता पित्त म्हणायची सोय राहिली नाही. शांती झाली, नारळ झाले, ओळखीच्या गुरुजींनी घरात पूजा घातली. ताई, जी आयुष्यभर देवळांचे फक्त खांब मोजत आली, ती शनिवारी तेल घालायला लागली. जे करायचं होतं ते सोडून बाकी सगळं केलं तिने. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मी दर आठवड्याला सांगत होते, एक ओळ लिही. ती म्हणायची, "मुलाखत होऊ दे. मग लिहिते."

सप्टेंबरात मुलाखत झाली. कोठाराचा अहवाल समितीला फार आवडला. विशेषतः मोजणीची अचूकता.

ताई प्राध्यापक झाली.

घरी पेढे आले, शेजारीपाजारी आले. मीही कल्याणहून गेले होते. दुपारी मंडळी पांगली. ताई म्हणाली, "जरा पाठ टेकते. तू इथेच बस." मी पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. ती आडवी झाली. तिचा हात माझ्या हातात होता.

मी काही बघितलं नाही. हे प्रामाणिकपणे सांगते.

पण मी तिची साडी बघितली. नवी, इस्त्रीची, रेशमी साडी. कमरेपासून तिच्यावर दाब पडत गेला... पोटावर... छातीवर... जसं कुणी पुढचा हात आडवा टेकवावा तसा कपडा दबत गेला. ताईचे डोळे उघडे होते, आवाज फुटत नव्हता. गळ्याच्या खळगीशी तो दाब थांबला. तिथे कातडीवर पाच जागी पांढरे खड्डे पडले.

आणि मी ऐकलं. मी, माझ्या कानांनी.

"तीन."

मग समजुतीच्या सुरात, "आता अर्धा रायला, बाय."

गळ्याच्या वर राहतं काय? फक्त चेहरा.

त्या दिवसापासून कल्पिताताई आडवी झालेली नाही. एकदाही नाही. ती खुर्चीत झोपते, मानेला उशी लावून. गाडीत सीट मागे घेऊ देत नाही. पाय सुजून खांबासारखे झालेत. एकदा ती खुर्चीत डुलत असताना मी तिचे पाय उचलून स्टुलावर ठेवायला गेले, तर किंचाळली, "पाय वर घेऊ नकोस!" प्राध्यापक बाई. दारावर पितळी पाटी आहे, आत बाई रात्रभर ताठ बसलेली असते.

तुम्ही म्हणाल, अजूनही लिहून का देत नाही? मीही हेच विचारलं. रतन पुन्हा वर अपिलात गेलीय. ताईची एक सही झाली तर तिला घर मिळू शकतं. पत्र मीच टाईप करून दिलंय. 'सदर खोली मी २००३ मध्ये आतून पाहिली नव्हती. ती सखुबाई भोईर यांची राहती खोली होती.' दोन वाक्यं. ते ताईच्या टेबलाच्या खणात आहे.

ती म्हणते, निवृत्त झाले की लिहून देते. ती म्हणते, आता सही करून मागचे तीन हात परत जाणार आहेत का? पण एकदा ती हळू आवाजात जे म्हणाली ते खरं कारण असावं. म्हणाली, "अक्षदा, ती माझ्यावर चिडलेली नाहीये गं. अजून प्रेमाने बाय म्हणते. शिव्या दिल्या असत्या तर मी केव्हाच सही केली असती."

मला तिचा राग येतो. आणि खुर्चीत मान टाकून बसलेली बघितली की रडू येतं. दोन्ही एकाच वेळी.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे.

गेल्या आठवड्यात ताईच्या पोटात असह्य दुखायला लागलं. पित्ताशयात खडे, सूज वर चढलेली. डॉक्टर म्हणाले, लांबवता येणार नाही. ऑपरेशन उद्या, गुरुवारी, दुपारी बारा वाजता ठरलंय.

ऑपरेशनच्या टेबलावर बसून राहता येत नाही. आडवंच व्हावं लागतं.

ताई मला म्हणाली होती, "बुधवारी नक्की सही करते. तू येऊन पत्र घेऊन जा."

आज बुधवार आहे. मी दुपारपासून तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा म्हणाली, पेन सापडत नाहीये. दुसऱ्यांदा म्हणाली, संध्याकाळी करते. तिसऱ्यांदा फोन उचलला, पण बोलली नाही. तिच्या मागून खोलीतून काहीतरी ऐकू आलं... कापडी टेप गुंडाळताना येतो तसा, बारीक सरसर आवाज.

मग ताईचा आवाज आला. माझ्याशी बोलत नव्हती ती.

"धरलं का, मावशी?"

पुढचं मला ऐकायचं नव्हतं. मी फोन ठेवला. आता चप्पल घालून डोंबिवलीला निघालेय. पेन माझ्या पर्समध्ये आहे.